सुजलेला गुडघा आणि आपली भाषा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. त्यामुळे निमंत्रण आले तेव्हा नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो विषयाचा. जन्मभर मराठी शिकविलेला माणूस संतवाङ्मयावर बोलेल, फार तर होळकरांच्या काळातील मराठी दप्तरांवर बोलेल, अशी चिटणीसांची रास्त अपेक्षा होती. मी मात्र ‘प्रौढांच्या सांध्यांतील जंतुसंसर्ग’ असा विषय कळविला. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली आणि मग त्यांनी अदबीने विचारले, “सर, आपली पीएच.डी. मराठीतलीच ना?” होय, मराठीतलीच. मी वैद्य नाही आणि आज वैद्यकीचा आव आणणार नाही. जे सांगणार आहे ते या दुखण्याचा रुग्ण म्हणून अनुभवलेले, नंतर वाचलेले आणि दोन अनुभवी डॉक्टरांकडून तपासून घेतलेले आहे. तरीही हा विषय मराठीच्या शिक्षकाच्या अधिकारकक्षेत येतो असे माझे मत आहे. कारण या रोगात पहिला घोटाळा शरीरात होत नाही, शब्दात होतो.

आपण सांध्याच्या कोणत्याही दुखण्याला ‘वात’ म्हणतो. गुडघा धरला, वात आला. बोटे वाकडी झाली, वात. पावसाळी हवेत कंबर ठणकली, तोही वात. या इंदूर शहरात तर आपली आणखी एक पंचाईत आहे. घरात मराठीत सांगितलेले दुखणे डॉक्टरांपुढे हिंदीत सांगावे लागते आणि त्या भाषांतरात ‘संधिवात’ चा ‘गठिया’ होतो, कधी नुसतीच ‘बादी’ होते. या शब्दांच्या पोटात किमान चार वेगवेगळे रोग नांदत असतात. वयोमानाने होणारी सांध्याची झीज हा एक. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तो दीर्घकाळ चालणारा आमवात हा दुसरा. युरिक ॲसिडचे स्फटिक साचून एकाएकी उसळणारा गाऊट, ज्याच्याशी जुन्या वैद्यकातील वातरक्ताची तुलना केली जाते, हा तिसरा. आणि चौथा म्हणजे सांध्यात जंतू शिरून पू होणे. पहिल्या तिघांना काही दिवस थांबता येते. चौथ्याला थांबता येत नाही. पण चौघांनाही आपण एकाच नावाने हाक मारतो, आणि हाक ऐकून जो पुढे येतो तो बहुधा पहिलाच असतो. त्यामुळे घरात निरगुडीचा पाला गरम होऊ लागतो.

आपले पूर्वज याबाबत आपल्याइतके ढिसाळ नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आणि पुढे माधवनिदानातही ‘क्रोष्टुकशीर्ष’ नावाची एक व्याधी स्वतंत्रपणे सांगितली आहे. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. गुडघा मध्येच सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसू लागतो आणि वेदना अतिशय असते, असे तिचे वर्णन आहे. ही व्याधी म्हणजेच आजचा जंतुसंसर्ग, असा दावा मी करणार नाही. तसे दावे करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की, हे नाव देणाऱ्या माणसाने गुडघा नीट पाहिला होता. वर मांडी सडपातळ, खाली पिंढरी सडपातळ आणि मध्ये फुगलेला गोळा, हे चित्र त्याने इतर वातव्याधींपासून वेगळे काढून ठेवले. तो शब्द ग्रंथात राहिला आणि आपल्या तोंडी ‘वात’ तेवढा उरला.

आता प्रत्यक्ष सांध्यात काय घडते ते पाहू. दोन हाडांची टोके जिथे भेटतात तिथे त्यांच्यावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असते आणि त्या आवरणाच्या आतील अस्तरातून एक चिकट, स्वच्छ द्रव पाझरत असतो. सांध्याचे वंगण म्हणा हवे तर. हे अस्तर रक्तवाहिन्यांनी समृद्ध असते, पण इतर अनेक अस्तरांखाली जो गाळणीसारखा पडदा असतो तो याच्याखाली नसतो. त्यामुळे रक्तातून वाहत आलेला जंतू येथे सहज उतरतो. हा जंतू कुठून येतो? टाचेची भेग, पायाच्या बोटांमधील चिखल्या, गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग, कधी जखम, आणि क्वचित सांध्यातच दिलेले इंजेक्शन. प्रौढांत सर्वांत जास्त आढळणारा गुन्हेगार म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ॲबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी 1880 च्या सुमारास गळवांतील पुवात हे जंतू पाहिले आणि त्यांच्या घोसाकार रचनेवरून ग्रीक भाषेतील द्राक्षघडाचे नाव त्यांना दिले. ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी. प्रयोगशाळेत वाढविला की त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात म्हणून. सोनेरी द्राक्षांचा घड! नाव ठेवणाऱ्यांच्या रसिकतेला दाद द्यावी, पण या द्राक्षांपासून दूर राहावे. त्याखालोखाल स्ट्रेप्टोकॉकस, आणि म्हातारपणी वा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत आतड्यातील व मूत्रमार्गातील जंतू. तरुणांत परम्याचा जंतूही सांध्यात उतरतो. तो विषय सभेत टाळण्याची आपली रीत आहे, पण डॉक्टरांपुढे टाळू नये.

जंतू शिरले की पांढऱ्या पेशी लाखोंनी धावून येतात. त्यांच्याजवळची पाचक द्रव्ये जंतूंवर चालतात तशी कूर्चेवरही चालतात. जंतूंची स्वतःची विषे असतातच. आत दाब वाढतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे एकदा झालेली हानी ती भरून काढू शकत नाही. हे सारे काही दिवसांत घडते. आठवडे लागत नाहीत. निरनिराळ्या अभ्यासांत या रोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आढळले आहे, आणि वाचलेल्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याचा तरी सांधा कायमचा अधू होतो. रोग तसा विरळा. लाखात वर्षाला 2 ते 10 जणांना होणारा. विरळा असल्यामुळेच तो चटकन कुणाच्या ध्यानी येत नाही. ज्यांचे वय 80 च्या पुढे गेले आहे, ज्यांना मधुमेह आहे, आधीच आमवात आहे, कृत्रिम सांधा बसविलेला आहे किंवा जे स्टेरॉइड घेतात, त्यांना धोका अधिक.

गुरुजींचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे, हे माझ्या पिढीतील विद्यार्थ्यांना आठवत असेल. जिना चढताना ते डावा पाय वर ठेवीत आणि उजवा काठीसारखा ओढून घेत. शरीरशास्त्राच्या तासाला सांध्यांचा धडा आला तेव्हा त्यांनी स्वतःच त्याचे कारण सांगितले. 1938 साली, ऐन विशीत, त्यांच्या गुडघ्यात पू झाला. चिरा देऊन पू काढला, पाय महिनोन्महिने फळीला बांधून ठेवला आणि हाडे एकमेकांना जुळून गेली. “पाय वाचला, गुडघा गेला,” एवढेच म्हणून त्यांनी फळ्यावर आकृती काढायला घेतली. त्या काळी याहून अधिक कुणाच्या हाती नव्हते. फ्लेमिंग यांना पेनिसिलीन 1928 साली गवसले असले तरी माणसांवर त्याचा पद्धतशीर वापर 1941 साली सुरू झाला, आणि आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला तो 1954 मध्ये. गुरुजींचा गुडघा या सर्वांच्या आधीचा.

माझा उजवा गुडघा 2019 च्या पावसाळ्यात सुजला. मधुमेह जुना, टाचेला भेग. संध्याकाळी जरा जड वाटणारा गुडघा पहाटेपर्यंत इतका ठणकू लागला की पांघरुणाचा स्पर्श सहन होईना. ताप मात्र 99 च्या वर फारसा गेला नाही. येथे थोडे थांबून सांगतो की, ताप नाही म्हणजे जंतू नाहीत, हा समज अगदी घातक आहे. 2007 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात याविषयीच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात या रोगाच्या रुग्णांपैकी जेमतेम 57 टक्क्यांना ताप असल्याचे दिसले. म्हाताऱ्यांत आणि मधुमेहींत तर तो आणखीच लबाड असतो. जवळच्या एका दवाखान्यात मला ‘गठिया’ असे निदान मिळाले, वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, आणि दोन दिवसांत उतार न पडल्यास गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ, असे आश्वासनही मिळाले. जंतुसंसर्ग नाही याची खात्री होण्यापूर्वी असे इंजेक्शन देणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून चोराला दार उघडून देणे.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, जो अस्थिरोगतज्ज्ञ आहे, घरी आला. त्याने गुडघ्यावर उलटा हात ठेवला, दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला, पाय किंचित हलवून पाहिला आणि म्हणाला, “सर, आत्ताच्या आत्ता निघायचं. औषध मात्र अजून घ्यायचं नाही. आधी पाणी काढून पाहू.” हे वाक्य मी तुम्हां सर्वांना पाठ करायला सांगेन. एकच सांधा, थोड्या दिवसांत सुजलेला, गरम आणि हलविता न येणारा असेल, तर त्यातील द्रव सुईने काढून तपासल्याखेरीज निदान होत नाही. रक्ताच्या चाचण्या संशय वाढवितात, मिटवीत नाहीत. क्ष-किरण चित्र सुरुवातीला बहुधा निर्दोष दिसते आणि तेच पाहून घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. खुब्यासारखा खोल सांधा असेल तर सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालतात. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी हा द्रव आणि रक्त दोन्ही घ्यावयाचे, कारण औषध आधी गेले तर प्रयोगशाळेत जंतू वाढत नाहीत आणि मग डॉक्टरांना अंदाजावर दिवस काढावे लागतात. रुग्णाची प्रकृती फारच ढासळली असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर मात्र औषधासाठी कशाचीही वाट पाहत नाहीत.

माझ्या गुडघ्यातून निघालेला द्रव काचेच्या नळीत होता. डॉक्टरांनी टेबलावरचे वर्तमानपत्र उचलले, नळी एका मथळ्यापुढे धरली आणि मला विचारले, “सर, वाचता येतंय?” येत नव्हते. निरोगी सांध्याच्या द्रवातून छापील अक्षरे स्वच्छ वाचता येतात. माझा द्रव भाताच्या पेजेसारखा गढूळ होता. उभ्या आयुष्यात मला न वाचता आलेला तो एकच मराठी मथळा. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मोजणी झाली. निरोगी द्रवात एका घनमिलिमीटरला 200 पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. माझ्यात 86,000 निघाल्या, आणि त्यांतील दहांत नऊहून अधिक त्वरेने धावून येणाऱ्या जातीच्या. 50,000 च्या वर आकडा गेला की जंतुसंसर्गाची शक्यता बरीच वाढते, लाखावर गेला तर फारच. पण त्याहून कमी आकड्यातही हा रोग असू शकतो, आणि गाऊटमध्येही आकडा वर जाऊ शकतो. म्हणून द्रवात स्फटिकही शोधतात. स्फटिक सापडले म्हणजे जंतू नाहीत असे मात्र समजायचे नाही. दोघे एकाच सांध्यात एका वेळी सापडल्याची उदाहरणे आहेत.

डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी 1884 साली जंतूंना रंग देण्याची एक पद्धत काढली. तीच आजही पहिल्या तासाभरात जंतूची जात सुचविते, पण साधारण निम्म्या रुग्णांतच. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण त्यात जंतू पुष्कळ अधिक वेळा सापडतो आणि कोणते औषध त्याला लागू पडेल हेही कळते. माझ्यात तो सोनेरी द्राक्षघडच निघाला. सुदैवाने साध्या औषधांना जुमानणारा.

उपचाराचे अंग दुहेरी आहे, आणि आपले लोक त्यातील एकच लक्षात ठेवतात. प्रतिजैविक हवेच, पण पू आत साठलेला असताना नुसत्या औषधाने भागत नाही. सांधा रिता करावा लागतो. काही वेळा रोज सुईने द्रव काढून भागते, काही वेळा दुर्बिणीने सांधा धुवून काढतात, आणि खुब्यासारख्या ठिकाणी किंवा पू घट्ट झाला असल्यास शस्त्रक्रिया करून उघडावा लागतो. कोणता मार्ग केव्हा, याबाबत तज्ज्ञांत आजही एकमत नाही. माझा गुडघा त्याच संध्याकाळी दुर्बिणीने धुतला. सुरुवातीला अंदाजाने व्हँकोमायसिन व सेफ्ट्रायॅक्झोन अशी जोडी शिरेतून दिली आणि कल्चर आल्यावर सेफाझोलिन या एकाच औषधावर आणले. दोन आठवडे शिरेतून, पुढे चार आठवडे तोंडाने. वर्षानुवर्षे हीच वहिवाट होती. अलीकडे तिची तपासणी सुरू झाली आहे, ही आनंदाची गोष्ट. 2019 साली ब्रिटनमधील 26 केंद्रांत 1,054 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे शिरेतून दिलेली औषधे आणि योग्य निवडलेल्या गोळ्या यांच्या परिणामात वर्षअखेर फरक आढळला नाही. त्याच वर्षी जिनिव्हाच्या डॉक्टरांनी असेही दाखविले की, सांधा नीट धुतल्यावर चारऐवजी दोन आठवड्यांचे औषध पुरते. मात्र त्यांच्या रुग्णांतील बहुतेक सांधे हाताचे व मनगटाचे होते, हे विसरून तो निष्कर्ष खुब्याला लावता येणार नाही. आणि या अभ्यासांचा अर्थ ‘कपाटातल्या उरलेल्या गोळ्या घ्या’ असा कुणी काढू नये. त्या गोळ्या जंतू ओळखल्यानंतरच्या होत्या.

दुखणे ओसरू लागले की सांधा हलवायचा. गुरुजींच्या काळी महिनोन्महिने बांधून ठेवीत. आता वेदना सहन होऊ लागताच व्यायाम सुरू होतो, कारण निश्चल राहिलेला सांधा आखडतो. फिजिओथेरपी करणारी मुलगी रोज येई आणि “काका, अजून थोडा,” म्हणत माझा गुडघा अंशाअंशाने वाकवी. तिच्याइतकी चिवट विद्यार्थिनी मला चाळीस वर्षांत मिळाली नाही. आज मला मांडी घालून बसता येत नाही, पण आताच या सभागृहाचा जिना मी एकेक पाय टाकीत चढून आलो.

दोन गोष्टी राहिल्या. सगळेच जंतू घाईत नसतात. क्षयाचा जंतू सांध्यात महिनोन्महिने मुक्काम करतो. सूज असते, आग फारशी नसते, ताप मंद असतो. आपल्या देशात त्याला विसरून चालत नाही, आणि साध्या कल्चरमध्ये तो सापडत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते, काही वेळा अस्तराचा तुकडा काढून पाहावा लागतो. त्याचे उपचारही महिनोन्महिने चालतात. गाई-म्हशींचे न उकळलेले दूध पिणाऱ्यांत आणि जनावरांत राबणाऱ्यांत ब्रुसेलाचा संसर्ग सांध्यांत आणि मणक्यांत बसतो. माळव्यात धारोष्ण दुधाचे कौतुक फार, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

दुसरी गोष्ट ज्यांनी सांधे बदलून घेतले आहेत त्यांच्यासाठी. या सभेतच अशी निदान दहा-बारा मंडळी मला दिसत आहेत. कृत्रिम सांध्याच्या धातूवर जंतू चिकट थर करून राहतात, तिथे औषध नीट पोहोचत नाही आणि लक्षणेही दबलेली असतात. कधी नुसते नव्याने दुखू लागते, कधी जखमेतून पाझर लागतो. फ्रान्समध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना 12 ऐवजी 6 आठवडे औषध देऊन पाहिले. 6 आठवडे पुरेसे ठरले नाहीत. असा सांधा दुखू लागला तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून प्रतिजैविक घेऊ नका आणि कुणाला तिथे सुईही घालू देऊ नका. ज्यांनी सांधा बसविला त्या शल्यविशारदांकडे त्याच दिवशी जा आणि शस्त्रक्रियेचे कागद बरोबर न्या. तिथे पोहोचल्यावर ‘वात आलाय’ किंवा ‘गठिया है’ म्हणू नका. कोणता सांधा, कधीपासून, किती गरम, किती हलतो, अंगावर कुठे जखम वा गळू आहे का, साखर किती, कोणती औषधे चालू आहेत, एवढे सांगा. हिंदीत सांगितले तरी चालेल.

 व्याख्यानानंतर थोडा वेळ थांबणार आहे. डॉक्टरही पहिल्या रांगेत बसले आहेत, औषधांचे प्रश्न त्यांना विचारावेत आणि व्याकरणाचे मला.